निरोगी त्वचेतील उत्परिवर्तने : एका गृहीतकाचा इतिहास

प्रयोगशास्त्रात तुलनेसाठी जो नमुना घेतला जातो त्याच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. रोगट ऊतकाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्याच्या शेजारी निरोगी ऊतकाचा छेद ठेवावयाचा आणि दोहोंमध्ये जो फरक दिसेल तो रोगाचा समजावयाचा, ही पद्धत विकृतिविज्ञानात शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. निरोगी छेदाचे काम येथे केवळ साक्षीदाराचे असते. त्याची उलटतपासणी करण्याची गरज कोणास भासत नाही. मानवी त्वचेतील उत्परिवर्तनांच्या अभ्यासाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या साक्षीदाराच्या उलटतपासणीचा इतिहास आहे, आणि ती बरीच उशिरा झाली.

उत्परिवर्तन म्हणजे पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात घडणारा व त्या पेशीच्या संततीत उतरणारा बदल. तो बीजपेशीत घडला तर पुढील पिढीत जातो. शरीराच्या अन्य पेशीत घडला तर त्या व्यक्तीच्या देहातच, त्या एका पेशीच्या वंशजांपुरता, राहतो. या दुसऱ्या प्रकारास कायिक उत्परिवर्तन म्हणतात. निरोगी त्वचेत अशी उत्परिवर्तने नसतात असे कोणी स्पष्ट शब्दांत प्रतिपादन केले होते असे नव्हे. तथापि उत्परिवर्तनाचा शोध नेहमी अर्बुदात घ्यावयाचा आणि शेजारची कातडी कोरी समजावयाची, ही रीत इतकी रूढ झाली होती की तिला मूक गृहीतकाचे बळ आले. यामागे निव्वळ बुद्धीचा आळस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका पेशीतील एका अक्षराचा बदल कोणत्याही साधनाने दिसत नाही. तो दिसावयाचा तर ती पेशी वाढून तिचे मोठे कुल बनले पाहिजे. अर्बुद हे असे आयते वाढलेले कुल होते. म्हणून संशोधक अर्बुदापासून मागे मागे जात राहिले, आणि वाटेत जे वाढले नव्हते ते त्यांना दिसले नाही.

सूर्यप्रकाश व त्वचेचा कर्करोग यांचा संबंध वैद्यकाने प्रथम जाणला तो व्यवसायांवरून. पाउल गेर्सन उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९४ साली खलाशांच्या चेहऱ्यावरील व हातांवरील रापलेल्या, जाड झालेल्या त्वचेचे आणि तीत उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. बोर्दो येथील द्युब्रुई याने द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये हेच पाहिले व १९०७ साली सूर्यप्रकाश हेच कारण असल्याचे मत मांडले. प्रयोगाचा पुरावा १९२८ साली मिळाला. लंडनमध्ये जी. एम. फिंडले याने पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातील जंबुपार किरण उंदरांच्या अंगावर दीर्घकाळ सोडून अर्बुदे निर्माण केली. येथपर्यंतचा विचार सरळ होता: किरण आत जातात, बऱ्याच काळाने गाठ बाहेर येते. मधल्या काळात कातडीत काय चालते, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर ‘क्षोभ’ या एका शब्दात मिळत असे.

त्या मधल्या काळाला आशय देणारी कल्पना वेगळ्या दिशेने आली. समुद्रसाळूच्या अंड्यांवर काम करणाऱ्या थेओडोर बोवेरी याने १९१४ साली असे सुचविले की, अर्बुदाचा उगम एकाच पेशीत, तिच्या रंगसूत्रांच्या बिघाडात असावा. बोवेरीपाशी मानवी अर्बुदाचा पुरावा जवळजवळ नव्हता. त्याने केवळ साळूच्या अंड्यांवरून माणसाविषयी अनुमान केले होते. १९२७ साली हर्मन मुलर याने क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडविता येतात हे सिद्ध केले, आणि लगेच पुढल्या वर्षी कार्ल हाइनरिख बाउअर या जर्मन शल्यतज्ज्ञाने अर्बुदाच्या उत्पत्तीचा उत्परिवर्तन-सिद्धांत मांडला. फिंडलेचा प्रयोग आणि बाउअरचा सिद्धांत एकाच वर्षीचे. परंतु दोहोंची सांधेजोड व्हावयास आणखी दहा-अकरा वर्षे लागली, आणि ती घडविणारा जीव म्हणजे चक्क गजकर्णाच्या जातीची एक बुरशी होती. अलेक्झांडर होलेंडर व चेस्टर एमन्स यांनी १९३९ च्या सुमारास अमेरिकेत या बुरशीच्या बीजुकांवर निरनिराळ्या तरंगलांबीचे जंबुपार किरण सोडून कोणत्या लांबीने सर्वाधिक उत्परिवर्तने होतात ते मोजले. जी तरंगलांबी न्यूक्लिइक अम्ल सर्वांत जास्त शोषून घेते, तिचाच उत्परिवर्तनांवर प्रभाव सर्वाधिक होता. त्या काळी आनुवंशिकतेचे द्रव्य प्रथिन असावे असे बहुतेकांचे मत होते. त्यामुळे या आलेखाचे महत्त्व अ‍ॅव्हरी व त्याचे सहकारी यांचा १९४४ चा शोध लागेपर्यंत पुरतेपणी उमगले नाही. माणसाच्या कातडीवर जगणाऱ्या बुरशीने माणसाच्या कातडीचे भवितव्य सांगावे, आणि ते तसे कोणाच्या ध्यानात येऊ नये, हा या इतिहासातील एक गमतीदार प्रसंग होय.

यानंतरच्या काळात, १९४७ ते १९५४ या सात-आठ वर्षांत, तीन गोष्टी घडल्या. त्या एकमेकींशेजारी ठेवल्या असत्या तर निरोगी त्वचेविषयीचे गृहीतक तेव्हाच डळमळीत झाले असते. पहिली गोष्ट ऑक्सफर्डची. आयझॅक बेरेनब्लम व फिलिप शुबिक यांनी उंदराच्या पाठीवर एका कर्करोगजनक हायड्रोकार्बनाचा एकच हात, अर्बुद होणार नाही इतक्या अल्प प्रमाणात, लावला. कातडी पूर्ववत दिसू लागली. त्यानंतर त्याच जागी जमालगोट्याचे तेल वारंवार चोळले असता गाठी उठल्या. हे तेल एकटे लावले तर गाठी क्वचितच उठत. महत्त्वाची बाब अशी की, तेल लगेच न लावता कित्येक आठवडे थांबून लावले तरी गाठी येतच. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सर्वथा निरोगी दिसणाऱ्या त्या कातडीत पहिल्या लेपाची खूण टिकून होती. ती पेशीविभाजनांतून उतरत होती आणि पुसली जात नव्हती. ती खूण कोणती होती, हे बाल्मेन व सहकाऱ्यांनी १९८६ साली ग्लासगो येथे दाखवून दिले: ज्या रसायनाने सुरुवात केली असेल त्यास अनुरूप असे ठराविक उत्परिवर्तन ‘रास’ नावाच्या जनुकात सापडले. बेरेनब्लम व शुबिक यांनी मात्र या पेशींना ‘सुप्त अर्बुदपेशी’ असे नाव दिले. नाव देणाऱ्याचे लक्ष कोठे असते ते नावावरून कळते. ज्या पेशींपासून अर्बुद कधीच होणार नाही, पण खूण मात्र राहील, अशा पेशींना या परिभाषेत जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट गणिताची. सी. ओ. नॉर्डलिंग याने १९५३ साली असे दाखविले की, कर्करोगाने होणारे मृत्यू वयाच्या सुमारे सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतात. आणि त्यावरून एका पेशीत सात उत्परिवर्तने साचली म्हणजे कर्करोग होतो असे अनुमान काढले. आर्मिटेज व डॉल यांनी पुढच्याच वर्षी हा विचार अधिक काटेकोरपणे मांडला. सातांचा आकडा पुढे टिकला नाही, विचार टिकला. परंतु या गणिताचा एक उपसिद्धांत आहे. एका पेशीत सात बदल साचण्यासाठी तिच्या मागे सहा बदलांच्या काही, पाच बदलांच्या त्याहून अधिक, आणि एक-दोन बदलांच्या असंख्य पेशी असल्याच पाहिजेत. या असंख्य पेशी राहतात कोठे? ज्याला आपण निरोगी ऊतक म्हणतो तेथेच. सिद्धांत ज्या लेखात आहे त्याच लेखात हा निष्कर्ष दडलेला आहे. पण मृत्यूच्या नोंदींवरून सुरू झालेला विचार जिवंत, निरोगी माणसाच्या कातडीपर्यंत पोचला नाही.

तिसरी गोष्ट शल्यचिकित्सेतील. शिकागो येथील स्लॉटर व त्याचे सहकारी यांनी १९५३ साली मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना असे पाहिले की, गाठीभोवतीच्या, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या अस्तरातही विकृती पसरलेली असते, आणि गाठ काढल्यावर तेथूनच दुसरी उद्भवते. त्यांनी यास ‘क्षेत्र’ अशी संज्ञा दिली. ही संज्ञा आजही टिकून आहे. तीतही क्षेत्र मोजले जाते ते गाठीभोवती.

पुढील टप्पा रसायनाचा. डेल्फ्ट येथे बोइकर्स व बेरेंड्स यांनी १९६० साली गोठविलेल्या थायमिनाच्या द्रावणावर जंबुपार किरण सोडले तेव्हा थायमिनाचे दोन रेणू एकमेकांस जखडले गेलेले आढळले. डीएनएच्या धाग्यावर शेजारी शेजारी असलेली दोन अक्षरे अशीच जखडली जातात. १९६४ साली सेटलो व कॅरियर, तसेच बॉइस व हॉवर्ड-फ्लँडर्स, यांनी जीवाणू हे जखडलेले तुकडे कापून काढतो आणि पॅटिजॉन व हॅनावॉल्ट यांनी तो रिकामी जागा पुन्हा भरतो हे दाखविले. जखम आणि उत्परिवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. जखम दुरुस्त होते. दुरुस्तीच्या आधी पेशीचे विभाजन झाले आणि प्रत काढताना चूक झाली तर ती चूक कायमची होते. मग रोज उन्हात वावरणाऱ्या माणसाच्या कातडीत जखमा किती, दुरुस्ती किती आणि शिल्लक किती?

या प्रश्नाचा पहिला धागा एका दुर्मीळ रोगाने हाती दिला. मोरित्स कापोशी याने १८७० च्या दशकात व्हिएन्ना येथे, ज्यांची कातडी उन्हाने बालपणीच कोरडी, ठिपकेदार व जरठ होते आणि ज्यांस लहान वयात त्वचेचे अनेक कर्करोग होतात, अशा रुग्णांचे वर्णन केले होते. ‘झेरोडर्मा पिगमेंटोझम’ असे त्याचे नाव. जवळजवळ शतकभर हा रोग त्वचारोगाच्या ग्रंथांतील एक कुतूहल होऊन राहिला. सॅन फ्रॅन्सिस्को येथे पेशींच्या डीएनए-दुरुस्तीवर काम करणाऱ्या जेम्स क्लीव्हर याच्या वाचनात वृत्तपत्रातील एका लेखावरून हा रोग आला आणि त्याने अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मिळविल्या. त्यांवर जंबुपार किरण सोडून दुरुस्ती मोजली तेव्हा ती अत्यल्प भरली. हा निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांमध्ये विशीच्या आत रंजकपेशींखेरीज अन्य पेशींच्या त्वचा-कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या दहा हजारपटींहून अधिक असते असे पुढे दिसून आले. याचा उलट अर्थ तितकाच मोलाचा आहे. दुरुस्तीच्या अभावी जर इतका अनर्थ होतो, तर दुरुस्ती शाबूत असलेल्या प्रत्येक माणसाच्या कातडीत तीच जखम रोज होत असली पाहिजे. क्लीव्हरने अभ्यासलेल्या पेशी अर्बुदाच्या नव्हत्या, हेही नोंदविण्याजोगे आहे.

सही ओळखता येऊ लागली ती १९९१ साली. येल विद्यापीठातील डग्लस ब्रॅश व सहकारी यांनी त्वचेच्या शल्कपेशी-कर्करोगाचे २४ नमुने तपासले. त्यांपैकी १४ मध्ये पी-५३ या जनुकात उत्परिवर्तन होते, आणि तिहींत शेजारच्या दोन सायटोसिनांच्या जागी दोन थायमिने आलेली होती. हा जोडबदल जंबुपार किरणांखेरीज अन्य कशाने होत असल्याचे ज्ञात नव्हते. म्हणजे उत्परिवर्तन पाहून ते कोणी केले हे सांगता येऊ लागले. एकदा सही ओळखीची झाली की ती कोऱ्या समजलेल्या कागदावरही शोधता येते. १९९४ साली नाकाझावा व सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. ऑस्ट्रेलियातील रुग्णांची, गाठीपासून वेगळी अशी निरोगी कातडी घेऊन तीत हा जोडबदल शोधला. उन्हात राहणाऱ्या भागात तो पुष्कळदा सापडला, झाकलेल्या भागात क्वचित.

यानंतर १९९६ साली येलच्याच गटाने केलेले काम या साऱ्या इतिहासात विशेष महत्त्वाचे मानावे लागेल, कारण त्यात पाहण्याची रीतच बदलली. विकृतिविज्ञानात ऊतकाचा उभा छेद घेतात. उभ्या छेदात त्वचा एका ओळीसारखी दिसते. तीत एखाददुसरी वेगळी पेशी दिसली तर ती अपवाद समजून सोडून दिली जाते. जॉनासन, ब्रॅश व सहकारी यांनी बाह्यत्वचा अखंड पापुद्र्यासारखी सोडवून, सपाट पसरून, पी-५३ प्रथिनाच्या प्रतिपिंडाने रंगविली. धडधाकट पेशीत हे प्रथिन अल्पकाळ टिकते, म्हणून ती रंगत नाही. उत्परिवर्तन झालेल्या पेशीत ते साचते आणि पेशी रंगते. वरून पाहता त्या पापुद्र्यावर गडद ठिपके विखुरलेले दिसले. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीचे कुल. त्यात ६० पासून ३,००० पर्यंत पेशी. उन्हाच्या भागात ही कुले संख्येने अधिक आणि आकाराने मोठी होती, आणि काही ठिकाणी त्यांनी बाह्यत्वचेचा ४ टक्क्यांपर्यंत भाग व्यापला होता. ही कातडी रोगट नव्हती.

आकाराचा मुद्दा संख्येपेक्षा बोधक आहे. सूर्याचे काम केवळ उत्परिवर्तन घडविण्याचे असते तर ठिपक्यांची संख्या वाढली असती. ते मोठे का व्हावे? १९९४ साली याच गटाने दाखविले होते की, उन्हाने भाजलेली पेशी पी-५३ च्या साह्याने स्वतःचा अंत करून घेते. ज्या पेशीत हे जनुक बिघडले आहे ती मरत नाही. म्हणून प्रत्येक उन्हात धडधाकट पेशी मरून जागा मोकळी होते आणि ती जागा बिघडलेल्या पेशीची संतती भरून काढते. बेरेनब्लमच्या प्रयोगात लेप एका द्रव्याचा व तेल दुसरे होते. येथे दोन्ही कामे सूर्यच करतो असे ठरले.

तथापि या पद्धतीची एक मर्यादा होती. जे रंगते तेच दिसते. पी-५३ च्या प्रतिपिंडाने पी-५३ ची, आणि तीही प्रथिन साचविणारी, उत्परिवर्तनेच तेवढी प्रकट होत. बाकीच्या ९६ टक्के पापुद्र्याविषयी ही पद्धत काहीच सांगत नव्हती, आणि जे सांगितले गेले नाही ते निरोगी समजले गेले. जुने गृहीतक असे नव्या रूपात आणखी वीस वर्षे टिकले.

मध्यंतरी मानवी जनुकसंचाचे वाचन झाले, वाचनाचा खर्च उतरला, आणि २०१० साली एका रंजकपेशी-कर्करोगाचा संपूर्ण संच वाचून त्यात ३३,३४५ अक्षरबदल मोजले गेले. त्यांतील बहुतेकांवर जंबुपार किरणांची सही होती. इतकी उत्परिवर्तने कर्करोगाच्या अनियंत्रित वाढीत झाली, की ती पेशी निरोगी असतानाच साचली होती? हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिला नाही.

२०१५ साली केंब्रिजजवळील हिंक्स्टन येथील सँगर संस्थेतील इनिगो मार्टिन्कोरेना, फिलिप जोन्स, पीटर कॅम्बेल व सहकारी यांनी त्याचे उत्तर दिले, आणि त्यासाठी निवडलेला नमुना वाखाणण्यासारखा होता. वयोमानाने वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर ओघळते. ती शस्त्रक्रियेने काढून टाकतात. अशी टाकाऊ कातडी ५५ ते ७३ वर्षे वयाच्या चार व्यक्तींकडून घेतली. पापणीने जन्मभर ऊन सोसलेले असते, पण तेथे रोग नव्हता. तिचे २३४ सूक्ष्म तुकडे केले. सर्वांत लहान ०.८ व सर्वांत मोठा ४.७ चौरस मिलिमीटर. तुकडा लहान असण्यात सारे मर्म होते. मोठ्या तुकड्यात एका कुलाचा वाटा नगण्य होतो व वाचनातील चुकांत हरवतो. लहान तुकड्यात तो वाटा मोजता येतो. मग ७४ जनुके प्रत्येकी सरासरी सुमारे ५०० वेळा वाचली. चार जणांच्या पापण्यांत मिळून ३,७६० उत्परिवर्तने सापडली. हिशेब केला तेव्हा प्रत्येक पेशीत दर दहा लाख अक्षरांमागे दोन ते सहा, म्हणजे संपूर्ण संचात हजारोंनी उत्परिवर्तने भरली. हा भार अनेक कर्करोगांतील भाराइतकाच आहे.

त्याहून विचारात पाडणारी गोष्ट वेगळी होती. काही जनुकांत प्रथिनाचा अर्थ बदलणारी उत्परिवर्तने, अर्थ न बदलणाऱ्या मूक उत्परिवर्तनांच्या मानाने, अपेक्षेपेक्षा फार अधिक होती. केवळ योगायोगाने बदल होत असते तर हे प्रमाण ठराविक राहिले असते. ते वाढलेले दिसते याचा अर्थ त्या बदलांनी पेशीस काही लाभ दिला आणि तिची संतती वाढली. डार्विनने जातींविषयी जे सांगितले ते माणसाच्या पापणीत पेशींच्या पातळीवर चालू होते. १८ ते ३२ टक्के पेशींत असे लाभदायक उत्परिवर्तन होते. दर चौरस सेंटिमीटरला अशी सुमारे १४० उत्परिवर्तने. त्यांत अग्रभागी होते नॉच-१ हे जनुक, सुमारे एक पंचमांश पेशींत बिघडलेले. १९९६ च्या प्रतिपिंडाला ते दिसणे शक्यच नव्हते.

हा निष्कर्ष बिनविरोध मान्य झाला नाही. केंब्रिज येथीलच बेंजामिन सायमन्स याने २०१६ साली तीच सामग्री घेऊन कुलांच्या आकारांचे विभाजन तपासले. सायमन्स व जोन्स यांनीच २००७ साली उंदराच्या बाह्यत्वचेविषयी असे मांडले होते की, तिच्या तळच्या पेशी दैवयोगाने विभागतात व दैवयोगाने लोपतात, आणि या सोडतीतच काही कुले मोठी होतात. पापणीतील बहुतेक कुलांचा आकार या सोडतीने समजावून देता येतो, लाभाची कल्पना थोड्याच कुलांना लागते, असे सायमन्सचे म्हणणे. मूळ लेखकांनी उत्तर दिले की, मूक व अर्थपूर्ण बदलांचे प्रमाण हा लाभाचा स्वतंत्र पुरावा आहे. वादाचे स्वरूप पाहता दोन्ही पक्ष वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते असे म्हणावे लागते: एक कुलांचा आकार, दुसरा त्यांची संख्या व जात. लाभाचा पक्ष पुढील कामाने बळकट झाला. पण दैवयोगाचा वाटा मोठा आहे ही सायमन्सची आठवण सोडून देण्याजोगी नाही.

मग एवढे बदल अंगावर वागवूनही कातडी कातडीच का राहते? याचे उत्तर शोधण्यासाठी उन्हाचा स्पर्शही न होणारे, पण त्वचेसारखेच थरांचे अस्तर उपयोगी पडले, ते अन्ननलिकेचे. २०१८ साली याच गटाने तेथेही मध्यम वयापर्यंत नॉच-१ बिघडलेल्या कुलांनी अस्तराचा मोठा भाग व्यापलेला पाहिला. आश्चर्य असे की, अन्ननलिकेच्या कर्करोगात हे उत्परिवर्तन निरोगी अस्तरापेक्षा कमी आढळते. जे जनुक अर्बुदाचे चालक म्हणून याद्यांत नोंदले गेले होते ते, निदान तेथे, अर्बुदापासून दूर नेणारे असावे. उंदरावरील पुढील प्रयोगांत उत्परिवर्तित कुले नवजात सूक्ष्म अर्बुदांना रेटून बाहेर काढतात असेही दिसले. उंदराच्या त्वचेत पी-५३ बिघडलेली कुले जंबुपार किरणांनी आरंभी झपाट्याने वाढली, पण किरण दीर्घकाळ चालू ठेवताच मागे हटली. बहुधा अधिक जोमदार उत्परिवर्तित शेजाऱ्यांनी त्यांची जागा घेतली. निरोगी अर्बुदमुक्त त्वचा ही शांतता नसून तुल्यबळांची धक्काबुक्की आहे. तुलनेचा छेद ज्याने ‘सामान्य’ म्हणून बाजूला ठेवला होता त्याला हे दिसणार नव्हते. आणि एखादे उत्परिवर्तन केवळ अर्बुदात सापडले म्हणून त्याला कारण ठरविणारी कित्येक विधाने या दृष्टीने पुन्हा तपासावी लागतात.

सारी कातडी एकसारखी नाही हेही क्रमाने कळत गेले. २०२० साली एकेक रंजकपेशी वेगळी वाढवून वाचली गेली. तीत सदा उन्हात असलेल्या चेहऱ्यापेक्षा अधूनमधून उघड्या पडणाऱ्या पाठीवरील पेशींत उत्परिवर्तने अधिक निघाली. २०२१ च्या पाहणीत डोक्याच्या कातडीत पी-५३ ची, पायाच्या कातडीत फॅट-१ ची सरशी दिसली. आणि केसाच्या मुळाचा वरचा भाग शेजारच्या कातडीसारखा, तर खालचा भाग जवळजवळ स्वच्छ आढळला.

येथे देशांतराचा प्रश्न येतो, आणि तो भारतीय वाचकास जवळचा आहे. वर सांगितलेले बहुतेक नमुने गोऱ्या कातडीचे होते. सिंगापूरवर ब्रिटनच्या दोन-तीन पट जंबुपार किरण पडतात. तरी केराटिन-पेशींचा कर्करोग तेथे ब्रिटनच्या सतरा पटींनी कमी. २०२३ साली दोन्ही देशांतील वयस्क व्यक्तींच्या चेहऱ्याची निरोगी कातडी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा ब्रिटनमधील कातडीत उत्परिवर्तनांचा भार चौपट, त्यावर सूर्याची सही ठळक, आणि पी-५३ ची निवड अधिक. सिंगापूरच्या कातडीत बहुतेक उत्परिवर्तने पेशीच्या अंतर्गत व्यवहारातून, वयाबरोबर, आलेली. आणि नॉच जनुकांची निवड अधिक जोमदार. म्हणजे निरोगी त्वचा दोन्हीकडे उत्परिवर्तित होती, पण उत्परिवर्तनांचा स्वभाव निराळा होता.

या निष्कर्षाच्या प्रकाशात मुंबईतील एक जुने काम पुन्हा वाचण्यासारखे आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन केले. त्यांपैकी एक धोतराचा: वर्षानुवर्षे घट्ट नेसल्याने कमरेवर काच पडून कातडी प्रथम जाड होते, तिचा रंग बदलतो, आणि पुढे क्वचित तेथे कर्करोग होतो. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने मांडीवर व पोटावर होणारा कर्करोग त्याहून जुना, परिचित. दोन्ही जागा वस्त्राखाली झाकलेल्या, दोन्ही ठिकाणी सूर्याची सही मिळण्याचा संभव अल्प. काच आणि धग ही उत्परिवर्तन घडवितात असे मानण्यापेक्षा, बेरेनब्लमच्या तेलाप्रमाणे, वयाबरोबर आधीच साचलेल्या कुलांपैकी एखाद्यास वाढावयास जागा करून देतात, असे मानणे २०२३ च्या निष्कर्षाशी अधिक जुळते. खानोलकरांच्या वर्णनात क्रम स्पष्ट आहे: आधी काच, मग जाड कातडी, मग रंगबदल, आणि गाठ सर्वांत शेवटी. पहिल्या तीन पायऱ्यांवरची कातडी ही त्या काळच्या वर्गीकरणात रोगट नव्हे.